प्रकाश किती द्यायचा? हेला पेशींच्या चित्रीकरणाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

प्रकल्पाचा प्रश्न आज पक्का झाला. हेला पेशी म्हणजे कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या, लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी. अशा पेशीच्या केंद्रकाचं पटल विरलं, तिथपासून गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जाईपर्यंत किती वेळ लागतो, ते जिवंत पेशीत मोजायचं. पुढे याच पेशींना औषधं देऊन हा वेळ किती लांबतो ते बघायचं आहे. पण त्याआधी औषध न दिलेल्या पेशींचा आकडा असा हवा, की त्याच्यावर कुणाला बोट ठेवता येऊ नये.

खरी अडचण इथेच आहे. हा वेळ मोजायला पेशीवर प्रकाश टाकावा लागतो आणि प्रकाशानेही विभाजन लांबतं. निळा प्रकाश पेशीतल्या फ्लेविनसारख्या रेणूंना उत्तेजित करतो, आपण घातलेल्या चमकत्या खुणेलाही करतो. त्यातली थोडी ऊर्जा ऑक्सिजनकडे जाते आणि मग ऑक्सिजनची जी उपद्रवी रूपं तयार होतात, ती डीएनएपासून पटलांपर्यंत सगळ्यांना बाधतात. प्रत्येक गुणसूत्राला ओढणारे दोन्ही बाजूंचे तंतू नीट जोडले गेल्याशिवाय पेशी पुढचं पाऊल टाकत नाही. काही बिघडलं की ती थांबते. मग ती औषधामुळे थांबली की दिव्यामुळे, हे नुसता व्हिडिओ बघून कळत नाही. म्हणून सरांशी बोलून ठरवलं, की औषधाच्या कुपीला हात लावण्याआधी प्रकाशाचा हिशेब पुरा करायचा.

मूळ हेला पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून आणलेल्या आहेत. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून त्या काढल्या होत्या, त्यांना न विचारता. त्याच वर्षी त्या गेल्या. लॅबमध्ये नवीन मुलं येतात, तेव्हा त्यांच्या हातात फ्लास्क देण्याआधी हे नाव मी सांगतेच.

खूण म्हणून हिस्टोन एच-टू-बी या प्रथिनाला जोडलेलं जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन. १९९८ साली कांदा, सुलिव्हन आणि वॉल यांनी हेला पेशींमध्येच हे करून दाखवलं. हिस्टोनभोवती डीएनए गुंडाळलेलं असतं, त्यामुळे पटल विरलं तरी चमक इकडेतिकडे पसरत नाही, गुणसूत्रांवरच टिकते. आपल्या प्रश्नाला याहून सोयीची खूण नाही.

१३ जून

सूक्ष्मदर्शक साधाच आहे: उलट्या रचनेचा, एलईडी दिव्याचा, एससीमॉस (मंद प्रकाशही टिपणाऱ्या) कॅमेऱ्याचा. हवे ते रंग निवडणारा फिल्टर क्यूब जीएफपीचा नेहमीचा. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आत जातो, ४९५ चा डायक्रोइक आरसा (निळा वळवणारा, हिरवा पार जाऊ देणारा), ५२५ च्या आसपासचा हिरवा बाहेर येतो. ज्या जीएफपीवर काम करतोय ते ४८८ नॅनोमीटरला सर्वांत जास्त प्रकाश शोषतं आणि ५०७ च्या आसपास सर्वांत जास्त चमकतं.

कोणतं ऑब्जेक्टिव्ह (पेशींलगतचं भिंग) घ्यायचं यावर दुपारभर चर्चा झाली. मुलांचा कल ६० पटीच्या, १.४ एनए (प्रकाश गोळा करायची क्षमता) असलेल्या, काचेला तेल लावून वापरायच्या ऑब्जेक्टिव्हकडे होता. साहजिक आहे, चित्र देखणं येतं. पण कागदावर हिशेब मांडला. ॲबेच्या १८७३ च्या सूत्राने ५१० नॅनोमीटरच्या प्रकाशात १.४ एनएला साधारण १८२ नॅनोमीटरपर्यंतचं वेगळं दिसतं, २० पटीच्या ०.७५ एनएला ३४० पर्यंतचं. आपल्याला दिसायला हवी ती मध्यावर रांगेत लागलेली गुणसूत्रांची पट्टी. ती काही मायक्रॉन रुंद असते. ३४० नॅनोमीटर त्याला भरपूर झाले.

चित्राच्या उजेडाचाही हिशेब केला. एनएचा चौथा घात भागिले पटीचा वर्ग, असं केलं तर ६० पटीचं ऑब्जेक्टिव्ह २० पटीच्यापेक्षा जेमतेम तिसऱ्या हिश्शाने उजळ ठरतं. उलट ६० पटीचं ऑब्जेक्टिव्ह प्रकाश नऊपट लहान जागेत गोळा करतं, म्हणजे तिथल्या पेशींना तेवढा जास्त मार बसतो. शिवाय २० पटीत एका फ्रेममध्ये नऊपट पेशी मावतात. हेलाचं चक्र साधारण दिवसाचं असतं आणि विभाजन तासाभराचं, त्यामुळे कधीही बघा, शंभरात चारपाच पेशीच विभाजनात सापडतात. जास्त पेशी दिसणं हीच आपली गरज. २० पटीचं घेतलं. हवेचं ऑब्जेक्टिव्ह असल्याने प्लेटच्या एका वेलवरून (खळग्यावरून) दुसऱ्या वेलवर जाताना तेल सुटण्याची भीती नाही, आणि तेलातून धातूकडे उष्णता निघून जाण्याचा प्रश्नही नाही.

१७ जून

दिवस मीडियममध्येच, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवामध्येच गेला.

रोजच्या मीडियममध्ये फिनॉल रेड हा पीएचनुसार बदलणारा रंग असतो. त्याने चित्राची पार्श्वभूमी धुरकट होते, म्हणून ते नको. रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व त्याहून त्रासदायक. ते स्वतः हिरवं चमकतं आणि निळ्या प्रकाशात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. बरोबर हेपीस बफर (पीएच स्थिर ठेवणारा) असेल तर आणखी जास्त. पुष्कळ ठिकाणी कार्बन डायऑक्साइडची सोय नसली की हेपीस घालून वेळ मारून नेतात. तासाभराच्या कामाला ते चालेलही, पण रात्रभर निळा प्रकाश टाकायचा असेल तर मी हेपीस घालणार नाही. फिनॉल रेड नसलेलं, कमी रायबोफ्लेविनचं मीडियम, १० टक्के सीरम, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ३७ अंश. हे कायम.

फिनॉल रेड काढलं की एक डोळा जातो. इनक्युबेटरमधून प्लेट बाहेर काढून ठेवली की मीडियमचा नारिंगी-लाल रंग हळूहळू गुलाबी होत जातो, आणि फार वेळ राहिली तर जांभळटपणाकडे झुकतो. कार्बन डायऑक्साइड उडून गेला, पीएच वर गेला, हे माणसाला लांबूनही कळतं. बिनरंगी मीडियममध्ये सकाळी आल्यावर काय बघणार? म्हणून कडेच्या एका वेलमध्ये मुद्दाम फिनॉल रेडवालं मीडियम भरायचं ठरवलं. तिथलं चित्रण करायचं नाही. सकाळी फक्त त्याचा रंग बघायचा आणि मगच रात्रीच्या फाइल्स उघडायच्या.

बाष्पीभवनासाठी कडेच्या उरलेल्या वेलमध्ये निर्जंतुक पाणी. पाणी उडालं की मीडियममधले क्षार घट्ट होतात आणि पेशी ते लगेच दाखवतात.

१९ जून

फोकस. खोलीतला एसी सुरूबंद झाला की स्टेजचं धातू मायक्रॉन-दोन मायक्रॉन हलतं आणि पेशी फोकसबाहेर जाते. पेशींखालच्या पातळ काचेच्या (कव्हरस्लिपच्या) तळावरून परावर्तित होणारा इन्फ्रारेड किरण धरून फोकस राखणारी यंत्रणा आहे, तिने बराचसा प्रश्न सुटतो. पण संध्याकाळी रन लावायचा असेल तर दुपारीच सगळं तापवून ठेवायचं आणि प्लेट ठेवल्यावरही घाई करायची नाही. एसीचा झोत स्टेजवर येत होता, तिथे पुठ्ठ्याचा आडोसा लावला.

२१ जून

पहिला रात्रभराचा रन बघितला. एका पेशीपाशी बराच वेळ थांबले.

सुरुवातीला केंद्रक सपाट, अंडाकृती, आत मंद हिरवं. मग त्यात दाणे उठायला लागतात, दाण्यांचे धागे होतात, धागे आखूड आणि जाड होत जातात. कडेची स्पष्ट रेघ एका फ्रेममध्ये आहे, पुढच्या फ्रेममध्ये नाही. तेच पटल विरल्याचं चिन्ह, आमच्या घड्याळाचा शून्य. पेशी गोल होऊन तळापासून वर उचलली जाते. माणसाच्या नेहमीच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हेलात बहुधा ७६ ते ८०, त्यामुळे मध्यावर चांगलीच गर्दी होते. पट्टी तयार झाली असं वाटलं, तरी एक ठिपका बाजूला ध्रुवापाशीच राहिला होता. बाकीची पट्टी जागच्या जागी डुलत होती, किंचित फिरतही होती. तो ठिपका बराच वेळ तिथे घुटमळला आणि मग तीन-चार फ्रेममध्ये झपाट्याने येऊन पट्टीला मिळाला. त्यानंतर थोड्याच वेळात पट्टी मधोमध उलगडली आणि दोन हिरव्या रेघा एकमेकींपासून दूर सरकल्या.

पुस्तकात हे सगळं चारपाच आकृत्यांत संपतं. एका गुणसूत्रासाठी सगळी पेशी थांबते, हे डोळ्यांनी बघण्यासारखं दुसरं काही नाही. मुलांना बोलावून तीच पेशी पुन्हा दाखवली.

२५ जून

आता मुख्य काम. प्रकाश न पडलेल्या पेशींचा वेळ कसा मोजायचा? जीएफपी बघायचं म्हणजे निळा प्रकाश आलाच. तोडगा गोल होण्यात आहे. विभाजनात जाणारी पेशी गोल होते आणि साध्या वरच्या दिव्यातही चकचकीत कडेची दिसते. त्या दिव्यासमोर लाल फिल्टर लावला. लाल प्रकाश पेशीला फारसा बाधत नाही. म्हणजे काही वेलमध्ये फक्त लाल प्रकाशातली चित्रं घ्यायची आणि गोल झाल्यापासून दोन होईपर्यंतचा वेळ मोजायचा. बाकीच्या वेलमध्ये लाल चित्रं तशीच, शिवाय वाढत्या मात्रेत निळा प्रकाश. सगळीकडे मोजमाप लाल चित्रांवरूनच. त्यामुळे तुलना सरळ होते.

२८ जून

निळ्याच्या वरच्या मात्रांमध्ये फरक उघड दिसतो. पेशी गोल होतात आणि गोलच राहतात. काहींच्या कडेला फुगे येतात, काही दोन न होताच पुन्हा सपाट होतात. सर्वांत खालच्या मात्रेत मात्र पेशी लाल-फक्त वेलसारख्याच वागतात. अवघड आहेत त्या मधल्या मात्रा. तिथे एकही पेशी मरत नाही, फुगे नाहीत, चमकही टिकून आहे, व्हिडिओ बघून कुणीही म्हणेल की सगळं छान आहे. पण विभाजनाचा वेळ लांबलेला आहे. ‘पेशी जिवंत आहेत, म्हणजे प्रकाश चालला’ हा निकष किती अपुरा आहे, ते या वेलनी दाखवलं. जीएफपी किती फिकं पडलं यावरूनही नुकसान ठरवता येत नाही. खूण फिकी पडायच्या बरीच आधी पेशी अडखळायला लागते.

दुसरी गोष्ट: एकूण मात्रा तेवढीच ठेवून तीव्र प्रकाश थोडा वेळ दिला, त्यापेक्षा मंद प्रकाश जास्त वेळ दिलेला पेशींना अधिक मानवला. इतर अनेकांचा अनुभवही असाच आहे. एका फोटोच्या वेळात आपली पेशी फार हलत नाही, त्यामुळे एक्स्पोजर वाढवणं परवडतं.

२ जुलै

रात्री पावसात लाइट गेली. यूपीएसवर कॅमेरा आणि संगणक चालू राहिले, स्टेज गार पडली. रन बाद. स्टेजचा हीटर आणि वायूचा नियंत्रक यूपीएसवर घ्यायचं सांगितलं आहे.

४ जुलै

इलेक्ट्रॉनिक्स वर्कशॉपच्या काकांना फोटोडायोड (प्रकाश टिपणारा) आणि ऑसिलोस्कोप (त्याचा आलेख दाखवणारा) घेऊन बोलावलं होतं. प्रकाश नक्की किती वेळ पडतो, ते सॉफ्टवेअर सांगतं त्यावर न सोडता मोजायचं होतं. काकांनी फोटोडायोड स्टेजवर ठेवला, दोनतीन फ्रेम घेतल्या आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “मॅडम, तुमचा कॅमेरा झोपला तरी दिवा जागाच आहे.”

तसंच होतं. १०० मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरला दिवा त्याच्या दुपटीहून जास्त वेळ चालू राहत होता. संगणक आधी दिव्याला आज्ञा देतो, मग कॅमेऱ्याला, मग पुन्हा दिव्याला. प्रत्येक आज्ञेत वेळ जातो आणि तेवढा वेळ पेशी उजेडात असते. त्या प्रकाशातून एकही पिक्सेल मिळत नाही. नुसतं नुकसान. काकांनी कॅमेऱ्याच्या ट्रिगर आउटपुटपासून एलईडीपर्यंत एक बीएनसी केबल टाकून दिली. आता दिवा कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर लागतो आणि विझतो. या कॅमेऱ्यात ओळी एकामागून एक उघडतात, म्हणून सगळ्या ओळी उघडल्यावरच इशारा जाईल असं सेटिंग ठेवलं. स्कोपवर पुन्हा बघितलं तर दिव्याचा आणि एक्स्पोजरचा चौकोन आता एकमेकांवर बसतात.

इतक्या स्वस्तात पेशींचा इतका मार वाचवणारं दुसरं काही या प्रकल्पात सापडेल असं वाटत नाही. जिवंत पेशींवर काम करणाऱ्या प्रत्येक लॅबने एकदा फोटोडायोड ठेवून बघावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

८ जुलै

जर्नल क्लबमध्ये जीएफपीचा इतिहास घेतला. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला इक्वोरिया जातीचे जेलीफिश गोळा करत होते. १९६२ च्या त्यांच्या लेखात या हिरव्या प्रथिनाचा जेमतेम उल्लेख आहे. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक वेगळं केलं, निधी संपल्यावर ते मार्टिन चॅल्फी आणि रॉजर चेन यांना देऊन टाकलं. १९९४ मध्ये चॅल्फींनी ते जिवाणूत आणि सूत्रकृमीत चमकवून दाखवलं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन यांना मिळालं, तेव्हा प्रॅशर अलाबामात मोटारींच्या एका शोरूमची व्हॅन चालवत होते. पुढे चॅल्फी आणि चेन यांनी त्यांना सन्मानाने समारंभाला नेलं. मुलं हे ऐकून गप्प झाली. विज्ञानात कुणाचं काम कुणाच्या नावावर उभं आहे, हे त्यांना आत्ताच कळलेलं बरं.

आपल्या कामाचा मुद्दा यात एकच: जीएफपीचा चमकणारा भाग प्रथिनाच्या स्वतःच्या ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाच्या अमिनो आम्लांपासून तयार होतो आणि त्याला बाहेरून फक्त ऑक्सिजन लागतो. म्हणून ते कुठल्याही पेशीत चमकतं. पण तो भाग तयार होताना दर रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणजे खूणही फुकट नाही. खूप चमकणाऱ्या पेशी निवडायचा मोह टाळून मध्यम चमकीचा क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला वंश) घेतला, त्यामागे हेही कारण आहे.

१२ जुलै

सरांनी विचारलं, निळा सोडून पुढे का जात नाही? प्रश्न रास्त आहे. एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन ५८७ ला शोषतं, ६१० ला चमकतं. पिवळा-नारिंगी प्रकाश निळ्यापेक्षा पेशीला सौम्य. एच-टू-बी-एमचेरीची पेशी तयार करायला घेतली आहे. सिलिकॉन-रोडामाइनचा डीएनए रंगही चर्चेत आला, तो तांबड्याच्या टोकाला चालतो. पण तो डीएनएलाच चिकटतो आणि मात्रा वाढली की पेशीचक्र अडवतो. होएश्ट या डीएनए रंगाचंही तसंच, वर त्याला अतिनील किंवा जांभळा प्रकाश लागतो. वेळ मोजायच्या प्रयोगात हे दोन्ही रंग मी घेणार नाही.

१६ जुलै

चित्र किती वाईट चालेल? फोटॉनच्या मोजणीत गोंगाट वर्गमुळाइतका असतो. १०० फोटॉन आले तर संकेत गोंगाटाच्या दहापट, २५ आले तर पाचपट. म्हणजे प्रकाश चौथ्या हिश्शावर आणला तर चित्राची प्रत निम्मीच होते. दोघांना एकमेकांशी न बोलता त्याच पेशींचे वेळ दोन्ही प्रतींच्या चित्रांवरून मोजायला सांगितले. आकडे फ्रेमभराच्या फरकात जुळले. मग चौथा हिस्सा पुरे.

डीप लर्निंगने गोंगाट काढायचा सल्ला मिळाला. डोळ्यांना सोयीचं आहे, पण असं जाळं शिकलेल्या आकारांकडे चित्र ओढतं. ध्रुवापाशी घुटमळणारा तो एकटा ठिपका त्याने पुसला तर? मोजणी कच्च्या चित्रांवरच, फिजी या सॉफ्टवेअरमध्ये. पेशींचा माग त्यातल्याच ट्रॅकमेटने.

१८ जुलै

तंतू कसे लागतात ते बघायला थोड्या पेशी स्पिनिंग डिस्क या कॉन्फोकल प्रकारच्या सूक्ष्मदर्शकावर घेतल्या. कॉन्फोकलचं मूळ तत्त्व मार्विन मिन्स्की यांच्या १९५७ च्या पेटंट अर्जातलं: छोट्या छिद्रातून फक्त फोकसमधला प्रकाश आत घ्यायचा. स्पिनिंग डिस्कमध्ये अशी असंख्य छिद्रं फिरत्या तबकडीवर असतात, त्यामुळे गती आणि कॅमेरा दोन्हींचा फायदा. पण एक गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसायला हवी: छिद्र फोकसबाहेरचा प्रकाश कॅमेऱ्यापासून अडवतं, पेशीपासून नाही. दहा थरांची चित्रं घेतली, तर सगळी पेशी दहा वेळा उजेडात न्हाते. तो दोष लाइट-शीटमध्ये जातो, कारण तिथे प्रकाशाची पातळ पात बाजूने घुसते आणि तेवढाच थर उजळतो. २००४ च्या श्टेल्झर गटाच्या कामानंतर भ्रूणांसाठी हे तंत्र सर्वत्र रुजलं. आपल्या प्लेटमधल्या शेकडो पेशींना मात्र ते सोयीचं नाही. तंतूंसाठी स्पिनिंग डिस्क, मोजणीसाठी साधा सूक्ष्मदर्शक.

२४ जुलै

औषधांच्या यादीतून ब्लेबिस्टॅटिन (पेशीतल्या मायोसिनला रोखणारं) कापलं. निळ्या प्रकाशात ते निष्क्रिय होतं आणि विषारीही. जीएफपीबरोबर ते वापरण्यात अर्थ नाही.

५ ऑगस्ट

सेटिंग कायम केली. २० पटीचं ०.७५ एनए, दर ४ मिनिटांनी एक निळं आणि एक लाल चित्र, एकच थर, २ बाय २ बिनिंग (चार पिक्सेल एकत्र धरणं), दिवा कॅमेऱ्याच्या ट्रिगरवर. या सेटिंगमध्ये निळा प्रकाश पडलेल्या आणि न पडलेल्या पेशींच्या विभाजनाच्या वेळेत फरक दिसत नाही. वेगवेगळ्या पॅसेजच्या (वाढवण्याच्या पिढीच्या) पेशींवर तपासून झालं.

पहिलं औषध पॅक्लिटॅक्सेल, कर्करोगावरचं. प्लेटची मांडणी: डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) आणि लाल प्रकाश, डीएमएसओ आणि निळा, औषध आणि लाल, औषध आणि निळा. चारही गट प्रत्येक प्लेटवर असलेच पाहिजेत. औषधाने आधीच अडखळलेली पेशी तोच प्रकाश सोसेल, असं गृहीत धरायचं नाही. औषध उणे २० मध्ये आहे, एकदाच्या वापरापुरतं वाटून ठेवलेलं. पेशी उद्या संध्याकाळी प्लेटमध्ये घालायच्या, परवा दुपारपासून स्टेज तापवायची.